हिरव्या रेशमाचा शेंडा

सातवीण फुलली की चंडीगडमध्ये कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. दिवेलागणीला रस्त्याच्या कडेने तो जड, गोडसर, जरासा डोकं धरणारा वास उतरायला लागतो. शेजारच्या मिसेस भल्ला नाकाला दुपट्टा लावून फिरायला निघतात आणि महापालिकेने ही झाडं तोडावीत असं मला दरवर्षी न चुकता सांगतात. मी मान डोलावते. मला तो वास हवासा वाटतो. तो आला की मी कपाटात खुंटीला टांगलेली लांब कापडी पिशवी काढते, गॅलरीतल्या सतरंजीवर उलगडते आणि आतले चार तुकडे शेजारी शेजारी मांडते.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही नेमक्या त्याच वेळी आलात. सईने विचारलं, "आजी, ती स्टिक कसली?" आणि मिहिर हसून म्हणाला, "आजी फिशिंग करते?" तिकडे तुमची शाळेची घाई, इकडे माझा चहा उकळत होता, म्हणून उत्तर राहिलं. ते आता लिहिते. मी मासे पकडत नाही. खातही नाही. पण गळाची जुनी काठी मला ओळखता येते आणि दुरुस्त करता येते, आणि या शहरात मी जी राहिले, इथलीच झाले, त्यात या काठीचा वाटा मोठा आहे.

आधी काठी म्हणजे काय ते सांगते. माझे बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, लोणावळ्याजवळच्या एका धरणावर इंजिनीअर होते. मी पुण्यात इंग्रजी शाळेत, वसतिगृहात. सुट्टीत घरी गेले की धरणाच्या भिंतीवर बाबा, त्यांची काठी आणि मी. ती काठी त्यांना विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाने दिली होती. अखंड बांबूची नव्हे. बांबू उभा चिरून, त्याच्या सहा पातळ पट्ट्या काढून, प्रत्येक पट्टी तासून त्रिकोणी करून, त्या सहा जणी पुन्हा सरसाने एकमेकींना चिकटवायच्या. "डोळ्याने नंतर बघ," बाबा म्हणायचे, "आधी अंगठ्याने." अंगठ्याखाली काठी फिरवली की पेन्सिलीसारख्या सहा कडा लागतात. साध्या बांबूचं पेर अंगठीसारखं सगळीकडून असतं. या काठीत ते एका जागी कधीच येत नाही. कारागीर पट्ट्या थोड्या मागेपुढे सरकवून लावतो, म्हणजे सगळ्यांची कच्ची जागा एकाच ठिकाणी पडत नाही.

अशा काठीचे तीन भाग असतात: मूठ असलेला बुंधा, मधला आणि शेंडा. एकाच्या टोकाची पितळी नळी दुसऱ्याच्या नळीत बसते. चांगल्या काठीला मात्र दोन शेंडे देतात. एका हंगामात एक वापरायचा, पुढच्या हंगामात दुसरा. सतत एकालाच राबवलं तर तो वाकतो आणि वाकलेलाच राहतो. दोरी ओवायच्या बारीक कड्या काठीवर रेशमाने बांधलेल्या असतात, आणि ते बांधणं माझं काम असायचं. रेशमाला गाठ मारायची नाही. सुरुवातीचं टोक वेढ्यांखाली दाबायचं, शेवटच्या वेढ्यांखाली दोऱ्याचा एक फास ठेवायचा आणि त्यातून टोक आत ओढून घ्यायचं. मी पहिल्यांदा गाठ मारली तेव्हा बाबांनी ब्लेडने सगळं कापून माझ्या हातात परत दिलं होतं.

लग्नानंतर हे सारं मागे पडलं. तुमचे आबा एअर फोर्समध्ये. दर तीन वर्षांनी ट्रंका भरायच्या. चंडीगडला आलो ती ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. सेक्टर एकवीसमध्ये एका घराचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला. वर मालक राहायचे: जोगिंदर सिंग, जंगल खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना दारजी आणि बीजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो.

त्या वर्षांबद्दल तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचाल. आमच्यापुरती ती वर्षं म्हणजे अंगवळणी पडलेल्या सवयी होत्या. बसमध्ये बसायच्या आधी वाकून सीटखाली बघायचं. स्कूटरची डिकी रोज सकाळी उघडून बघायची. रस्त्यात पडलेला ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी, कशाला हात लावायचा नाही. अंधार पडायच्या आत भाजी, दूध, मुलं, सगळं घरात. तुमची आई तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला वाटायचं जगात सगळीकडे आया अशाच बसच्या सीटखाली बघतात. आणि आणखी एक गोष्ट, जी मला तेव्हाही बोचायची: पगडीवाल्या दारजींबरोबर बसमध्ये चढलं की आतलं बोलणं एकदम थांबायचं. दारजी खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही.

दारजींचा एक मित्र होता, देसराज सूद. डोंगरात, गिरी नदीच्या वरच्या अंगाला त्याची छोटी फळबाग. दोघं तरुणपणी एकाच डाकबंगल्यावर भेटले, विलायतेला निघालेल्या एकाच साहेबाकडून एकाच जातीच्या दोन काठ्या त्यांनी घेतल्या आणि तेव्हापासून पावसाळा ओसरून नदी निवळली की महाशीर माशासाठी गिरीच्या काठावर दर रविवारी बसायचे. हंगाम संपला की दोन्ही काठ्या देसराजजींच्या घरी टांगलेल्या राहायच्या. हे मला बीजींनी सांगितलं, कारण आम्ही आलो तेव्हा दारजी नदीवर जात नव्हते.

चौऱ्याऐंशीत दिल्लीत शिखांच्या बाबतीत जे झालं त्यात दारजींच्या धाकट्या भावाचं दुकान जळलं आणि त्यानंतर महिनाभरात भाऊही गेला. पुढे थोड्याच दिवसांनी देसराजजींच्या बहिणीच्या घरचा एक माणूस पंजाबात अतिरेक्यांनी बसमधून उतरवून मारला. पंजाबात कुणाच्या घरी असं झालं की भेटायला जावंच लागतं. त्याला अफसोसला जाणं म्हणतात. बोलायचं फारसं नसतं; पांढऱ्या चादरीवर थोडा वेळ बसून यायचं. हे दोघं एकमेकांकडे गेले नाहीत.

"दोहां दे घर मातम," बीजी मटार सोलता सोलता म्हणायच्या, "ते दोवें दरवाजा वेखदे रहे. हा म्हणतो तो का नाही आला, तो म्हणत असेल हा का नाही आला." माझ्याशी बोलताना त्यांच्या पंजाबीत मी शिकवलेले मराठी शब्द मधूनच यायचे.

मुलगा इंग्लंडहून सारखा लिहीत होता, घर विका आणि इकडे या. दारजी जवळजवळ तयार झाले होते. बीजींचं एकच म्हणणं होतं. "एक वारी देसराज दा मूंह वेख लैण दे. एकदा त्याला भेटू दे, मग ने मला कुठे न्यायचं तिथे."

त्या ऑक्टोबरात एका सकाळी आमच्या फाटकाशी एक लांब खाकी पिशवी उभी होती. बंदुकीएवढी लांब, वरून दोरीने आवळलेली. वीज गेली होती, त्यामुळे घंटी वाजली नव्हती. आणणारा ठेवून गेला होता. ती पहिल्यांदा दिसली वर्माजींना. वर्माजी म्हणजे गल्लीच्या सुरक्षा समितीचे प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापक, गळ्यात कायम शिट्टी. त्यांनी ती इतक्या जोरात फुंकली की तुमची आई दात घासता घासता बाहेर आली.

"पीछे हटिए, पीछे हटिए. भाभीजी, आप तो बिलकुल पीछे."

मी म्हटलं, "वर्माजी, पुलिस को फोन करते हैं."

"फोन कर दिया. जब तक आएंगे, तब तक क्या? सूखा माल सबसे खतरनाक होता है. गीला कर दो, आधा काम खतम." हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं कुणास ठाऊक. पण त्या दिवसांत अशी ज्ञानं गल्लीगल्लीत होती. आंबे पाडायचा लांब आकडा आणून, स्वतः भिंतीआड उभे राहून, त्यांनी ती पिशवी ओढत ओढत बागेतल्या माळ्याच्या हौदापर्यंत नेली आणि आत ढकलली. वर दोन विटा ठेवल्या. धैर्य होतं त्या माणसात, हे मात्र खरं.

पोलीस आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. हवालदाराने सगळ्यांना लांब उभं केलं, पिशवी बाहेर काढली, दोरी कापली, आत डोकावला आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मछली पकड़ने का डंडा है जी."

वर्माजी म्हणाले, "डंडा भी तो लावारिस था."

तेव्हा वरच्या गच्चीतून दारजींचा आवाज आला. "लावारिस नहीं है. मेरा है."

ते खाली आले. पिशवीतून पाणी गळत होतं. बुंधा शाबूत होता, शेंडे जुन्या काळ्या व्हार्निशच्या जाड थराखाली बरे दिसत होते. पण मधला भाग हातात घेतला तर त्याच्या सहाच्या सहा पट्ट्या सुटून केळीच्या सालीसारख्या बाजूला पडल्या. जुना सरस पाण्यात विरघळतो. बरोबर चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. दारजींनी एक पट्टी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"चंगा," ते म्हणाले. "उसने हिसाब कर दिया. मेरी चीज मुझे लौटा दी." आणि वर निघून गेले.

बीजी तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी खाली बसून त्या पट्ट्या गोळा करायला लागले. अंगठ्याखाली ती त्रिकोणी धार लागली आणि कितीतरी वर्षांनी मला धरणाच्या भिंतीवरचा वारा आठवला. "बीजी," मी म्हटलं, "ही जुळवता येईल."

दारजींची परवानगी बीजींनी कशी मिळवली ते त्यांनाच माहीत. मला सांगितलेलं उत्तर एवढंच, "ओह कहंदे ने, जो मर्जी करो. चुल्हे विच पा दो."

माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते ते. बाहेरच्या बातम्या तशाच होत्या, पण आमच्या गॅलरीत ऊन पडायचं, सातवीण फुललेली असायची आणि मला हाताला धरणारं काम मिळालं होतं. पट्ट्या सावलीत वाळवल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने खूण केली, कारण त्यांचा क्रम बदलला तर काठी आयुष्यभर रुसते. जुना सरस कोमट पाण्याने पुसून काढला. नवा गोंद पाण्याला न भिणारा घेतला. सहा पट्ट्यांना गोंद लावून, जुळवून, वरून सुती दोरा आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने गुंडाळला; एकाच दिशेने गुंडाळला तर काठीला पीळ बसतो. मग ती पंख्याच्या हुकाला टांगली आणि खाली वजन म्हणून खलबत्त्यातला पितळी बत्ता बांधला.

तुमची आई शाळेतून आली. दारातच थांबली. "मम्मा, हमारे घर में पंखे की जगह ये क्या लटक रहा है?"

"काठी वाळतेय."

"और आज खाने में अदरक कैसे कूटोगी?"

"ठेचणार नाही. किसेन."

आबांनी जेवताना फक्त एकदा वर बघितलं आणि विचारलं, "डोक्यात नाही ना पडणार?" एवढंच. ते विमानांची इंजिनं जुळवणारे. सांध्यांवर त्यांचा विश्वास होता.

दारजींची गंमत अशी की चुलीत घाला म्हणणारा माणूस रोज अकराच्या सुमाराला पेपर घेऊन आमच्या गॅलरीत येऊन बसायला लागला. काठीकडे बघायचे नाहीत. पेपराआडून बोलायचे.

"गोंद ज्यादा लग गया होगा."

"जास्तीचा पुसून घेतला, दारजी."

"टेढ़ी सूखेगी."

"एका डोळ्याने बघितलं, सरळ आहे."

थोड्या वेळाने पेपर जरासा खाली यायचा. "तेरे पिताजी फौजी थे?"

"धरणावर इंजिनीअर."

"हूं. तभी." आणि पेपर पुन्हा वर.

कड्यांसाठी रेशीम हवं होतं. मी बाजारात जायला निघाले तर बीजींनी हाताला धरून वर नेलं आणि पेटीतून फुलकारीच्या रेशमाच्या लड्या काढल्या. फुलकारी म्हणजे जाड खादीवर रेशमाने केलेलं पंजाबचं भरतकाम. त्याचं रेशीम न पिळलेलं, चमकदार असतं, त्याला त्या पट म्हणायच्या. "पहिल्या वेळी पण इथूनच नेलं होतं," त्या म्हणाल्या. "दोघांच्या काठ्या अगदी सारख्या. घोटाळा व्हायचा, भांडायचे लहान मुलांसारखे. मग मीच म्हटलं, ह्याची लाल बांधा आणि देसराजची हिरवी. मग नाही भांडले." वरच्या काळ्या व्हार्निशमुळे आता काहीच दिसत नव्हतं. वर्षानुवर्षं ते दोघं हंगामाआधी जुन्यावरच नवा हात मारत गेले होते. व्हार्निश काळवंडत गेलं आणि रंग खाली बुडाला.

मधला भाग सरळ आणि घट्ट जुळला. मग शेंडे राहिले. पाण्याने त्यांचे सांधे आतून सुटले आहेत का हे बघायला वरचं व्हार्निश उतरवणं भाग होतं. मी पहिला शेंडा घेतला आणि ब्लेडच्या पाठीने, अगदी हलक्या हाताने खरवडायला लागले. काळ्या पापुद्र्याखालून डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग निघाला. बीजी टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. पेपराआडून हुंकार आला.

दुसरा शेंडा घेतला. खरवडला. रंग निघाला तो हिरवा.

मला वाटलं, मळामुळे तसं दिसत असेल. ओल्या फडक्याने पुसलं. कोवळ्या मेथीसारखा स्वच्छ हिरवा.

बीजी उठून जवळ आल्या. त्यांनी ते रेशीम बोटाने चाचपलं. "एह तां देसराज दा ए," त्या म्हणाल्या.

पेपर खाली आला. दारजींनी चष्मा कपाळावर चढवला, शेंडा हातात घेतला, उलटसुलट केला. "गलती हो गई उससे," ते म्हणाले. "शुरू से भुलक्कड़ है. अंधेरे में डाल दिया होगा. अपना यहां, मेरा वहां."

तसं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि मला वाटतं त्यांना ती तिथेच संपवायची होती. दुखावलेल्या माणसाला आपलं दुखणंही मोडवत नाही. पण काठ्यांच्या बाबतीत एक गोष्ट बाबांनी मला पक्की शिकवली होती. दोन काठ्या कितीही सारख्या असोत, कारागीर प्रत्येक काठीची पितळी नळी त्या काठीपुरती हाताने घासून बसवतो. एकीचा शेंडा दुसरीत जात नाही. जाडीचा केसभर फरक असतो. मी हिरवा शेंडा मधल्या भागात घालून बघितला. हलक्या आवाजात, तूप लावल्यासारखा, तो आत गेला. मग बाहेर काढून नळी उन्हात धरली. इतर सगळं पितळ जुन्या भांड्यासारखं काळपट झालेलं, आणि हीच एक नळी गोल फिरवत घासून लख्ख केलेली. घासल्याचे बारीक, ताजे ओरखडे वर दिसत होते.

"दारजी," मी म्हटलं, "चुकून टाकलेला शेंडा बसत नाही. हा कुणीतरी बसवलाय. घासायचा, घालून बघायचा, पुन्हा घासायचा. एका बैठकीत होणारं काम नाही हे."

ते नळीकडे बघत राहिले. अंगठा त्या चकाकीवरून फिरवला. गल्लीत कुणीतरी शिट्टी वाजवली, बहुतेक वर्माजी, कुठल्यातरी पिशवीवर.

बीजी म्हणाल्या, "एह पगवट ए, होर की ए."

पगवट म्हणजे पगडी बदलून भाऊ होणं. इकडे दोन मित्रांनी एकमेकांच्या पगड्या आपल्या डोक्यावर घेतल्या की ते सख्ख्या भावासारखे मानले जातात. मग एकाच्या घरचं सुख आणि सुतक दुसऱ्याचंही.

दारजींना हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं. "उसके सिर पे पगड़ी कहां. बाल भी नहीं हैं."

"तभी तो," बीजी म्हणाल्या. "जो था, वही बदल लिया."

दारजी उठले. शेंडा त्यांनी माझ्या हातात परत दिला, फार जपून, दोन्ही हातांनी. "बेटा, इसका रंग हरा ही रखना," असं म्हणून जिना चढून गेले. पेपर खुर्चीवरच राहिला.

मी हिरव्यावर हिरवं आणि लालवर लाल बांधलं. रेशमावर थेट व्हार्निश लावलं तर त्याचा रंग बुडतो, म्हणून आधी पातळ लाखेचा हात दिला, वाळवला, मग व्हार्निश. रंग जसाच्या तसा राहिला. एवढी सुंदर काठी मी पुन्हा बांधली नाही.

थंडी पडली की महाशीर खालच्या पाण्यात निघून जातो, म्हणून त्याआधीच्या एका रविवारी आम्ही निघालो. आबा गाडी चालवत होते, पुढे दारजी, मागे बीजी, मी आणि तुमची आई, आणि आमच्या मांड्यांवर आडवी ती पिशवी. देसराजजींना कळवलं नव्हतं. "हंगामात रविवारी तो तिथे नसेल तर मेलेला असेल," दारजी म्हणाले. परवाणूच्या आधी नाका लागला. वाळूच्या गोण्या, केंद्रीय दलाचे जवान. पुढच्या सीटवरची पगडी बघून गाडी बाजूला घ्यायला लावली. पिशवी बघून सगळ्यांनाच उतरवलं.

"इसमें क्या है?"

आबांनी खिशातलं ओळखपत्र काढायला हात नेला, तर दारजींनी मानेनेच नको म्हटलं. त्यांना आपल्या वतीने दुसऱ्याने बोलायला नको होतं. त्यांनी पिशवी गाडीच्या टपावर ठेवली, दोरी सोडली आणि जवानांसमोर एकेक भाग जोडायला सुरुवात केली. बुंधा, मधला. मग दोन शेंड्यांपैकी हिरवा उचलला. रस्त्याच्या मधोमध काठी उभी झाली आणि टोकाशी थरथरायला लागली. बंदूक धरलेला जवान एक पाऊल पुढे आला. बंगालचा होता बहुतेक, बोलण्यावरून.

"क्या लगाते हैं? आटा?"

"आटा भी, कभी चम्मच भी," दारजी म्हणाले. चमच्यासारखा चकाकणारा पत्रा दोरीला बांधतात, मासा त्याला भुलतो.

"हमारे उधर तो चींटी का अंडा," जवान म्हणाला. त्याने बंदूक खांद्यावर मागे सरकवली आणि एका बोटाने रेशमाला हात लावला. "बाकी सब लाल है. ये ऊपर वाला हरा क्यों?"

दारजी काठीकडे बघत होते. बीजींनी माझा हात धरला.

"वो मेरे भाई का है," दारजी म्हणाले.

जवानाने मान हलवली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "जाइए. पानी साफ है आजकल."

देसराजजी होते. नदीच्या वळणावर एका सपाट दगडावर, डोक्याला मफलर, पाठमोरे. आम्ही वर रस्त्याशीच थांबलो. दारजी एकटेच दगडांवरून काठी टेकत नव्हे, उंच धरून, उतरत गेले. तिचा शेंडा कुठे आपटू नये म्हणून. आवाज होत होता, तरी देसराजजींनी मागे वळून बघितलं नाही. दारजी शेजारच्या दगडावर बसले. पाण्याचा आवाज वरपर्यंत येत होता, बोलण्याचा नव्हता. पण काय बोलले ते दारजींनी परतताना गाडीत स्वतःच सांगितलं, दोन वेळा सांगितलं.

पहिल्यांदा देसराजजी बोलले. "बैठ गया था ठीक से?"

"बैठ गया."

"घिस घिस के उंगली छिल गई मेरी."

मग दारजींनी विचारलं, "चिट्ठी नहीं डाल सकता था साथ में?"

देसराजजींनी पाण्यात बघत उत्तर दिलं, "कितनी बार कागज लेके बैठा. क्या लिखता, जोगिंदर?"

 दारजींनी हात पुढे करून देसराजजींच्या काठीला लावला. सगळी हिरवी, आणि वर त्यांचा लाल शेंडा.  बीजी वरून बघत होत्या. "बस," त्या मला म्हणाल्या, "हो गया अफसोस. अब चादर की जरूरत नहीं." मग दुपट्ट्याने डोळे पुसून त्यांनी पराठ्यांचा डबा उघडला.

दुपारी एक मासा लागला, तोही देसराजजींच्या काठीला. "शेंडा माझा, म्हणजे मासा माझा," यावर दोघांचं जे भांडण लागलं ते खालच्या गावापर्यंत ऐकू गेलं असेल. शेवटी मासा लहान आहे यावर एकमत झालं आणि त्याला सोडून दिलं. तुमच्या आईने तो सोडताना बघितला. सोनेरी होता, असं ती अजून सांगते.

घर विकलं गेलं नाही. दारजी आणि बीजी मुलाकडे पाहुणे म्हणून जाऊन आले. आबांची बदली झाली तेव्हा पहिल्यांदाच ट्रंका भरताना मला रडू आलं, आणि निवृत्तीनंतर कुठे राहायचं या प्रश्नावर पुणं की चंडीगड असा वाद आमच्या घरी झालाच नाही. आता दारजी नाहीत, बीजी नाहीत, देसराजजीही गेले. काठी बीजींनी शेवटच्या दिवसांत माझ्याकडे दिली. म्हणाल्या, "दुरुस्त करता येतं त्याच्याकडेच वस्तू ठेवावी."

वर्माजींचे आभार मानायचे माझ्याकडून राहिले. त्यांनी ती पिशवी हौदात ढकलली नसती तर दारजींनी ती तशीच, न उघडता, माळ्यावर फेकली असती आणि ते हिरवं रेशीम काळ्या व्हार्निशखाली झोपून राहिलं असतं. त्या काळात भीतीपोटी केलेल्या किती गोष्टींनी माणसं तुटली ते मी बघितलं आहे. एक गोष्ट तरी अशी घडली की काठी तुटली आणि त्यातून माणसं दिसली. त्याबद्दल मी या शहराची, त्या ऑक्टोबराची आणि त्या शिट्टीवाल्या शेजाऱ्याची ऋणी आहे.

तुम्ही दोघं भावंडं आता वेगवेगळ्या देशांत शिकायला जाणार, असं तुमची आई सांगते. काठी एकच आहे, वाटून देता येणार नाही. शेंडे दोन आहेत. एकेक घेऊन जा. पण बुंधा आणि मधला भाग माझ्या कपाटातच राहतील. शेंडा बसवायचा असेल तर इथे यावं लागेल, आणि शक्यतो सातवीण फुललेली असताना.

तोपर्यंत मी दरवर्षी सतरंजी पसरते, फडक्याने पितळ पुसते, काठी जोडून गॅलरीतून जराशी बाहेर काढते. मिसेस भल्ला खालून विचारतात, "आंटीजी, कुछ फंसा?" मी म्हणते, "अभी नहीं." शेंडे मात्र मी आलटून पालटून लावते, बाबांनी सांगितलं होतं तसे, एका हंगामात एक. गेल्या वर्षी लाल होता.

यंदा देसराजजींची पाळी.